'गॅसलाइट' की 'एंजल स्ट्रीट'?
नाटक एकच, ब्रिटिश नाटककार पॅट्रिक हॅमिल्टनचं: आपण वेडे होतोय असं बायकोला, बेलाला, वाटायला लावणाऱ्या नवऱ्याचं. लंडनमध्ये ते 'गॅसलाइट' म्हणून लागलं, न्यूयॉर्कमध्ये 'एंजल स्ट्रीट' म्हणून. गंमत म्हणजे दोन्हीकडचा पहिला प्रयोग 5 डिसेंबरचाच: लंडनच्या रिचमंड भागात 1938 मध्ये, न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर 1941 मध्ये.

लंडनला नाटक लवकरच वेस्ट एंड या नाट्यगृहांच्या भागातल्या अपोलो थिएटरात गेलं आणि साधारण सहा महिने चाललं. वाईट नाही. पण ब्रॉडवेचा आकडा बघा: 1295 प्रयोग! तेही पडदा उघडल्यावर दोनच दिवसांत पर्ल हार्बरवर जपानचा हल्ला झालेला असताना. बाहेर युद्ध पेटलेलं आणि लोक तिकीट काढून एका दिवाणखान्यातली घुसमट बघायला येत होते. नवऱ्याच्या भूमिकेत व्हिन्सेंट प्राइस. पुढे भयपटांत गाजलेला तो मऊ, गोड आवाज इथे किती टोचत असेल!

नावाच्या बाबतीत मात्र मी लंडनच्या बाजूने. 'एंजल स्ट्रीट' म्हणजे नुसता घराचा पत्ता. नाटकाचा जीव आहे त्या दिव्यात. नवरा चोरून वरच्या मजल्यावर गॅसचा दिवा लावतो, की खाली बेलाच्या खोलीतली ज्योत मंदावते. संवाद नाही, किंकाळी नाही, फक्त उजेड कमी होतो. प्रेक्षकालाही ते दिसतं, म्हणून बेला वेडी नाही याचा साक्षीदार तोच ठरतो. आज सर्रास वापरला जाणारा 'गॅसलाइटिंग' (समोरच्याला स्वतःच्याच मनावर शंका घ्यायला लावणं) हा शब्दही याच नावावरून आला. खेळ जास्त ब्रॉडवेवर झाले, पण भाषेत उरलं ते लंडनचं नाव.