परतीच्या विमानाची तारीख बदलताना झालेली फसवणूक

कामिनोला, म्हणजे स्पेनमधल्या सांतियागोपर्यंतच्या पायी यात्रेला, निघायचं ठरवलं असेल, तर बूट आणि सॅक यांच्याइतकीच परतीच्या तिकिटाची चौकशी करा. त्या वाटेवर मला कुणी फसवलं नाही. अनोळखी माणसांनी पाणी दिलं, पायाच्या फोडांना पट्ट्या लावून दिल्या. पैसे गेले ते विमानाची तारीख पुढे ढकलताना.

शेंगेन व्हिसाच्या (युरोपातल्या बऱ्याच देशांसाठी चालणाऱ्या एकाच व्हिसाच्या) अर्जासोबत परतीचं बुकिंग दाखवावं लागतं, म्हणजे एक पाऊलही टाकण्याआधी शेवटची तारीख ठरलेली असते. फ्रान्समधलं सेंट-जाँ-पिए-द-पोर ते सांतियागो दे कोंपोस्तेला हे अंतर साधारण 780 किलोमीटर. वाटेतल्या लेओन शहराच्या पुढे माझी नडगी सुजली, सक्तीची विश्रांती घ्यावी लागली, आणि ठरलेलं विमान गाठता येणार नाही हे दिसायला लागलं. व्हिसावर मुक्कामाचे दिवस मोजून दिलेले असतात, त्यामुळे तारीख पुढे नेली तरी फार पुढे नेता येत नाही. चालणारा माणूस नेमका या कात्रीत सापडतो, आणि ठगांना हे चांगलं ठाऊक आहे.

विमान कंपनीचं ॲप तारीख बदलू देईना. इंटरनेटवर कस्टमर केअरचा नंबर शोधला, सगळ्यात वर आला त्यावर व्हॉट्सॲप कॉल केला. माणूस अतिशय नम्र. त्याने पीएनआर आणि आडनाव विचारलं, आणि मिनिटभरात माझा सगळा प्रवास वाचून दाखवला: कुठे विमान बदलायचं, सीट कुठली, जेवण शाकाहारी. कंपनीचाच माणूस आहे, असं त्यावरून कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात पीएनआर आणि आडनाव हाती असलं की कंपनीच्या वेबसाइटवर हे सगळं कुणालाही दिसतं. ही माहिती मीच दिली होती, त्याने ती मलाच परत ऐकवली. “ताई, तुम्ही देवाच्या वाटेवर आहात, तुमच्याकडून दंड घेत नाही, फक्त भाड्यातला फरक भरा,” असंही म्हणाला. हे वाक्य आठवलं की आजही संताप येतो.

माझ्याकडे फक्त डेटाचं ई-सिम होतं, भारतातल्या नंबरवर ओटीपी येत नव्हता. त्याने लगेच क्यूआर कोड पाठवला, “घरच्यांना भरायला सांगा.” भारताची वेळ उन्हाळ्यात साडेतीन तास पुढे, तिकडे रात्र झाली होती. घरी माझ्या यजमानांनी साठेक हजार रुपये भरले. स्कॅन केल्यावर विमान कंपनीचं नाव आलं नाही, कुठल्याशा ट्रेडर्सचं आलं. विचारल्यावर उत्तर तयार होतं: “ते आमचं पेमेंट पार्टनर.”

पीडीएफ आली. लोगो, नवी तारीख, नवा पीएनआर, आणि ठळक अक्षरांत ‘कन्फर्म्ड’. तो पीएनआर मी कंपनीच्या वेबसाइटवर टाकून पाहिला, तर माझं नाव आणि विमान खरोखरच दिसलं. सगळ्यात महत्त्वाचं सांगायचं आहे ते हेच. पैसे न भरता जागा काही काळ रोखून ठेवता येते आणि तेवढा वेळ बुकिंग अस्सल दिसतं. मुदत संपली की ते आपोआप रद्द होतं. तिकीट खरंच काढलेलं असेल तर त्यावर 13 आकडी ई-तिकीट क्रमांक असतो, पहिले तीन आकडे विमान कंपनीचे. पीएनआर सहा अक्षर-आकड्यांचा, तो फक्त बुकिंगचा. माझ्या पीडीएफवर तिकीट क्रमांकाच्या रकान्यात तोच पीएनआर पुन्हा छापला होता.

सांतियागोत पोहोचल्यावर वेब चेक-इन करायला गेले, तर असं बुकिंगच नाही. विमानतळावरच्या काउंटरवरच्या बाईंनी शांतपणे समजावून सांगितलं: जागा रोखली होती, तिकीट निघालंच नाही. तोवर जुन्या तिकिटाची तारीखही उलटली होती. त्या तिकिटात त्या माणसाने काही बदल केलाच नव्हता, त्यामुळे मी न कळवता विमान चुकवल्याची नोंद झाली आणि ते बाद झालं. शेवटी बसने पोर्तुगालमधल्या पोर्तोला गेले, तिथून तिकीट स्वस्त मिळालं.

घरून 1930 या हेल्पलाइनवर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार केली. बँकेने सांगितलं की पिन टाकून स्वतः केलेला व्यवहार अनधिकृत धरला जात नाही. पैसे गेल्यावर पहिल्या काही तासांत तक्रार झाली तर ते समोरच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. आम्हाला कळेपर्यंत ती वेळ निघून गेली होती. क्रेडिट कार्डाने भरले असते तर निदान चार्जबॅकचा, म्हणजे कार्डाचे पैसे परत मागण्याचा, अर्ज करता आला असता.

निघणाऱ्यांनी तारीख बदलता येईल असंच भाडं निवडावं, थोडं महाग पडलं तरी. कंपनीचा नंबर तिकिटाच्या मूळ ईमेलमधून किंवा तिच्या वेबसाइटवरून घेऊन वहीत लिहून ठेवावा, वाटेत शोधायला लागू नये. भारतातला नंबर ओटीपीपुरता तरी रोमिंगवर चालू ठेवावा. पीडीएफ आली की 13 आकडी क्रमांक पाहावा आणि तो कंपनीकडून तपासून घ्यावा. आणि यात्रेकरूंच्या ग्रुपवर तिकिटाचे फोटो टाकणं कृपा करून थांबवा. त्या फोटोत पीएनआरही असतो आणि आडनावही.