तेलाचं झाकण उघडून दाखवलेला धूर

ज्यांच्याकडं सात-आठ वर्षं चाललेली डिझेल पिकअप आहे आणि मिस्त्रीनं ‘इंजिन गेलंय’ म्हणून सांगितलंय, त्यांनी इंजिन उतरवायला ‘हो’ म्हणायच्या आधी हे वाचावं. माझे यात 1,86,000 रुपये गेले. त्याच गाडीला त्याच्या महिनाभर आधी एक गिऱ्हाईक 2,25,000 द्यायला तयार होतं.

आमचं गाव घनसावंगी तालुक्यात. घरची अडीच एकर मोसंबी, आणि आसपासच्या बागवाल्यांचा माल जालन्याच्या मार्केटला, कधी पाचोडला, कधी छत्रपती संभाजीनगरला नेऊन टाकायचा, हा माझा धंदा. गाडी 2017 चं मॉडेल, बीएस-4. 2020 मध्ये जुनीच घेतली. मागच्या खेपेला काटा 3,10,000 किलोमीटरवर होता. या गाडीवर घर चालतं, त्यामुळं ठेवायची का काढून टाकायची हा विषय आमच्या घरी दर दिवाळीला निघायचाच. थोरले बंधू म्हणायचे, ‘काढून टाक, नवी घे, हप्ता फेडत राहू.’ मी म्हणायचो, आण्णा, नवीला 8 लाखांचं कर्ज काढलं तर 12 टक्क्यांनी पाच वर्षांसाठी महिन्याला 17,800 च्या आसपास हप्ता बसतो, आणि मोसंबीचा माल काही बारा महिने नसतो. जुनीला टायर, क्लच प्लेट, बॅटरी, पाटे असं सगळं धरून वर्षाला साठ-सत्तर हजार लागतात. म्हणजे महिन्याला सहा हजाराच्या आत. हा हिशोब तेव्हाही बरोबर होता, आजही बरोबर आहे. चुकलं ते पुढं.

2024 च्या भाद्रपदात आंबे बहाराचा माल जोरात होता. बदनापूरच्या पुढं भरल्या गाडीला ओढ कमी पडायला लागली. तिसऱ्या गिअरला जिथं सहज चढायची तिथं दुसरा टाकावा लागला, आणि मागं बघतो तर काळा धूर. डिझेलही जास्त जायला लागलं. आधी लिटरला बारा द्यायची, ती नऊवर आली. मी महिन्याला अडीच हजार किलोमीटर फिरतो. नव्वदीच्या भावानं तेवढ्या फरकाचे महिन्याला सहा हजारांहून जास्त होतात. घाबरायचं कारण होतंच.

जालन्यात एका गॅरेजवर गेलो. ओळखीच्या ड्रायव्हरनं सांगितलेलं ठिकाण, गर्दी चांगली. मालकानं गाडी चालू ठेवायला लावली, बॉनेट उघडलं, आणि इंजिनावरचं ऑइल टाकायचं झाकण फिरवून काढलं. त्यातून धुराची बारीक वाफ निघायला लागली. त्यानं माझा हात धरून त्या भोकावर नेला. तळव्याला गरम, ओलसर फुंकर लागली, भक-भक अशी. झाकण परत ठेवलं तर ते त्या फुंकरीनं टकटक उडत होतं. ‘बघा मालक, बॅक मारायली. रिंगा गेल्या. कॉम्प्रेशनच राह्यलं नाई. अशीच चालवली तर एक दिवस रस्त्यातच रॉड बाहेर येईल.’ म्हणजे पिस्टनवरच्या कड्या झिजल्या, सिलिंडरमध्ये दाब धरत नाही आणि तीच हवा झाकणातून फुंकर मारते, असं त्याचं म्हणणं.

मी विचारलं, ‘गाडी ठेवू का काढून टाकू?’ तो म्हणाला, ‘काढून काहून टाकता? इंजिन बांधून देतो, पाच वर्षं बघायचं काम नाई.’

हा प्रश्न मी अशा माणसाला विचारला की ज्याचं पोट माझ्या ‘ठेवतो’वर भरणार होतं. हे तिथं उभं असताना लक्षात आलं नाही. हातावर ती फुंकर लागलेली होती, मन तिथंच अडकलं.

तोंडी ठरलं 45,000. 20,000 फोनपेनं दिले, बाकी रोख देत गेलो. तिसऱ्या दिवशी फोन आला : क्रँकला, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याला, रेघा आहेत, ग्राइंडिंगला म्हणजे घासून गुळगुळीत करायला टाकावा लागतो, आणि घासल्यानं तो बारीक होतो म्हणून नवी 0.25 ची, म्हणजे पाव मिलिमीटरच्या फरकाची, बेअरिंगं घालावी लागतात, 18,000. मी गेलो तेव्हा इंजिन फरशीवर सुटं पडलेलं. हेड एकीकडं, ब्लॉक दुसरीकडं, नट-बोल्ट डालड्याच्या डब्यात. अशा वेळी माणूस काय करणार? गाडी उचलून दुसरीकडं न्यायची म्हटली तर टेम्पो करून पोत्यात भरून न्यावी लागेल. आणखी आठवड्यानं हेडचे 14,000. मग इंजेक्टर आणि पंपाचे 27,000. मग पॅकिंग, ऑइल, मजुरी, वरचं फुटकळ असे 12,000. सगळे मिळून 1,16,000. बायकोच्या पाटल्या सोनेतारणात ठेवल्या. सव्वीस दिवस गाडी उभी. तेवढ्यात बागवाल्यांना दिलेला शब्द मोडू नये म्हणून दुसऱ्याच्या पिकअपनं चौदा फेऱ्या मारल्या, फेरीला 2,800 देऊन.

गाडी मिळाली तेव्हा इंजिनाला चांदीसारखा रंग मारलेला होता, आवाज गोड वाटला. पण अंबडपर्यंत येईतो आरशात काळा धूर दिसलाच. फोन केला तर म्हणाला, ‘नवं काम हाय, बसायला वेळ लागतो, दोन हजार किलोमीटर जाऊ द्या.’ दोन हजार गेले, धूर तसाच, ओढही तशीच. पुन्हा फोन केला तर ‘डिझेल कुठलं टाकता?’ असं मलाच विचारलं.

साडेतीन हजार किलोमीटरवर, वडीगोद्रीच्या अलीकडं, ऑइलचा लाल दिवा लागला आणि खालून खट-खट आवाज यायला लागला. लगेच बंद केली, म्हणून निदान ब्लॉक वाचला. गावच्या ट्रॅक्टरनं टोचन करून गाडी अंबडला आणली. तिथं आमच्या चुलत्यांच्या ओळखीचे एक वयस्कर मिस्त्री आहेत. ते म्हणाले, ‘इंजिन उतरवायचं नाही. आधी खालचं ऑइलचं चेंबर खोलून बघू. तू इथंच बस.’

चेंबर उतरलं. तळाशी तांब्याच्या रंगाचा चुरा चमकत होता. त्यांनी एका कनेक्टिंग रॉडची कॅप सोडली, त्यातून बेअरिंगचा अर्धा गोल तुकडा काढला आणि चिंधीनं पुसून माझ्या हातात दिला. आतली चकचकीत बाजू घासून तांबं उघडं पडलेलं. मग म्हणाले, ‘आता पाठ बघ.’ पाठीवर बारीक ठोकलेली अक्षरं होती : एसटीडी. म्हणजे स्टँडर्ड, कंपनीतून गाडी निघते त्या मापाची. क्रँक ग्राइंडिंग करून 0.25 ची बेअरिंगं घातली असती तर पाठीवर 0.25 ठोकलेलं असतं. बाकीच्या तिन्ही रॉडचीही काढली. सगळी एसटीडी, सगळी जुनी. एका ठिकाणच्या जोडीत तर वरचा तुकडा वेगळा घासलेला आणि खालचा वेगळा, म्हणजे काढताना खुणा न करता मिसळून परत बसवलेली. पुढं क्रँक लेथवाल्याकडं मायक्रोमीटरनं मोजला. ज्या रॉडचं बेअरिंग फिरलं होतं त्याची जागा खराब झालेली, बाकी तिन्ही जागा मूळ मापाच्या. ग्राइंडिंगचा दगड त्या क्रँकला कधी लागलाच नव्हता.

इंजिन खोललं होतं, धुतलं होतं, रंगवलं होतं आणि जुन्याच सामानावर परत बांधलं होतं. जे काम झालंच नव्हतं, ते आता खरंच करावं लागलं. त्याचे 31,000. गॅरेजचे 1,16,000, चौदा फेऱ्यांचे 39,200 आणि हे, असे मिळून वर सांगितलेले 1,86,000.

आणि काळा धूर? मिस्त्रीबाबांनी टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरकडं जाणारा रबरी पाइप क्लिप सोडून काढला आणि उलटा करून दाखवला. क्लिपच्या खाली, वरून दिसणारच नाही अशा जागी, बोटभर चीर. भोवती तेलकट काजळी. टर्बोनं दाबलेली हवा तिथून बाहेर जात होती. इंजिनाला हवा कमी, डिझेल तेवढंच, म्हणून काळा धूर, म्हणून ओढ नाही, म्हणून लिटरला नऊ. पाइपाची किंमत 1,100 रुपये, त्या 31,000 मध्येच. तो बदलला त्या दिवसापासून आजपर्यंत गाडीनं काळा धूर टाकलेला नाही.

मी विचारलं, मग ती झाकणातली फुंकर? त्यांनी शेजारी उभी असलेली दुसरी पिकअप चालू करायला लावली. व्यवस्थित चालणारी, दोन लाख किलोमीटरच्या आत चाललेली. तिचं झाकण काढलं. तशीच वाफ, तशीच भक-भक. झाकणही टकटक उडालं. ते म्हणाले, ‘चाललेल्या कोणत्याही डिझेल गाडीचं झाकण उघड, थोडंफार असतंच. रिंगा गेल्या का नाही ते गेज लावून कॉम्प्रेशन मोजल्यावर कळतं, हात लावून नाही. आणि मला सांग, गाडी ऑइल खायची का?’ नाही. दहा हजार किलोमीटरच्या दोन सर्व्हिसांमध्ये मी एकदाही वरून ऑइल टाकलेलं नव्हतं. धूर निळा होता का? नाही, काळा. रिंगा गेलेली गाडी ऑइल जाळते आणि निळा धूर टाकते. हे मला माहीत होतं, इतकी वर्षं गाडी चालवतोय. पण त्या दिवशी कुणी विचारलं नाही आणि मीही बोललो नाही.

तुमच्या गाडीला धूर असेल तर पहिल्यांदा रंग बघा, ऑइलची काडी बघा, आणि सगळे रबरी पाइप क्लिप सोडून तपासायला लावा. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरचं गेजनं मोजून आकडे लिहून घ्या. जो मिस्त्री गेज नाही म्हणतो त्याच्याकडं इंजिन उतरवू नका. काम काढलंच तर जुनं सामान, बेअरिंगच्या तुकड्यापर्यंत, ताब्यात मागा. मी मागितलं तेव्हा ‘भंगारात गेलं’ म्हणाला होता, आणि ते सगळं माझ्याच इंजिनात होतं. नव्या बेअरिंगचं खोकं तुमच्यासमोर फोडायला लावा आणि पाठीचा फोटो काढा. इंजेक्टर पंपवाल्याकडं गेले असतील तर मशिनवरच्या टेस्टिंगचा कागद असतोच. माझ्या 27,000 चा असा कागद मी आजवर पाहिलेला नाही.

मी त्या गॅरेजवर परत गेलो. बेअरिंगं टेबलावर ठेवली. तो म्हणाला, ‘ही माझ्याकडचीच कशावरून? मधी दुसऱ्यानं खोलली ना गाडी?’ त्याचा हिशोब वहीच्या पानावर, त्यावर ना गॅरेजचं नाव ना सही. वकिलांकडं गेलो. ते म्हणाले, ग्राहक आयोगात जाता येतं. पोटापाण्यासाठी स्वतः गाडी चालवणारा माणूस ग्राहकच धरला जातो, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, दोन वर्षांची मुदत आहे. पण त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘पक्की पावती?’ माझ्याकडं पुरावा फक्त 20,000 च्या फोनपेचा. बाकीचे 96,000 कुठल्याच कागदावर नाहीत. आणि अंबडच्या मिस्त्रीबाबांना लेखी द्या म्हटलं तर ते गप्प बसले. त्यांनाही त्याच लोकांकडून सामान आणायचं असतं, मी त्यांना दोष देत नाही. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवली आहे आणि अर्ज वकिलांकडं तयार आहे, मुदतीच्या आत टाकणार. तुम्ही मात्र आधीच पक्कं बिल घ्या, जीएसटी लागला तरी लागू द्या.

आण्णा अजून म्हणतात की तेव्हाच 2,25,000 ला दिली असती तर बरं झालं असतं. मला तसं वाटत नाही. त्या गाडीला त्या दिवशी लागत होता तो एक पाइप. तो टाकून ती पुढची दोन-तीन वर्षं वर्षाला साठ-सत्तर हजारांत चालली असती. जुनी गाडी महाग पडली नाही, झालेलंच नसलेलं काम महाग पडलं.

आता क्रँक ग्राइंडिंग झालेला आहे, या खेपेला बेअरिंगच्या पाठीवरचा 0.25 मी स्वतः वाचला, लिटरला पुन्हा बारा मिळतात. आठ वर्षं पूर्ण झाल्यामुळं फिटनेस आता दर वर्षी करावं लागतं. मी डॅशबोर्डमध्ये एक वही ठेवली आहे. डिझेल, किलोमीटर, ऑइल आणि गाडीला लागलेला प्रत्येक रुपया त्यात लिहितो. एका वर्षाची दुरुस्ती सव्वा लाखाच्या पुढं गेली, किंवा ऐन मालाच्या दिवसांत गाडी दोनदा उभी राहिली, तर काढून टाकायची, असं घरात ठरलंय. पाटल्या फाल्गुनात सोडवल्या. मृग बहाराचा माल सुरू आहे आणि उद्या पहाटे चारला तीर्थपुरीहून भरून निघायचंय.