कुत्रीची लघवी गळते: डायपर, गोळ्या की शस्त्रक्रिया?

डायपर आणायचे की औषध सुरू करायचं, हा प्रश्न बऱ्याचदा फार लवकर विचारला जातो. त्याआधी एक गोष्ट नीट बघा: कुत्री घरात लघवी करते, की तिची लघवी गळते? दाराशी घुटमळून शेवटी कोपऱ्यात बसणारी कुत्री गळतीची रोगी नाही. तिला मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार किंवा कुशिंगमुळे (शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक जास्त होण्याचा आजार) ती खूप पाणी पीत असेल. म्हातारपणी तर बाहेर जायचं भानही राहत नाही. खरी गळती नकळत होते, बहुधा गाढ झोपेत. लघवीची तपासणी आणि जमल्यास कल्चर (लघवीत जंतू वाढतात का, याची चाचणी) झाल्याशिवाय पुढचं काही ठरवू नका. मधुमेह असलेल्या कुत्रीला डायपर बांधून महिने काढले, तर तिचं फार नुकसान होईल.

गर्भाशय आणि बीजांडं काढलेल्या, मध्यम वयाच्या, वीस किलोंहून जड माद्यांमध्ये ही गळती जास्त दिसते. डॉबरमन, बॉक्सर, रॉटवायलर या जाती त्यात पुढे. इस्ट्रोजेन हे मादीचं संप्रेरक कमी झाल्यावर मूत्रमार्ग आवळून धरणारा स्नायू सैलावतो, आणि अंगावर चरबी असेल तर त्रास वाढतो. वजन उतरवणं हा म्हणूनच उपचाराचाच भाग आहे.

डायपरचा फायदा सरळ आहे: गादी, सोफा, गाडी वाचते, तीही आजपासून. पण त्याने आजार तिळभरही कमी होत नाही. शिवाय ओला कपडा कातडीला चिकटून राहिला की लाली येते, केस झडतात, जखमा होतात. लांब केस कातरून ठेवा, दर वेळी कोमट पाण्याने पुसून कोरडं करा आणि दिवसातून काही तास तरी डायपर काढून ठेवा. तुम्ही दिवसभर कामावर असाल तर बदलणार कोण, हा विचार विकत घेण्याआधी करा. धुऊन वापरायचे डायपर कातडीला बरे, फक्त साबणाचा अंश राहू देऊ नका. वापरून फेकायचे प्रवासाला सोयीचे. नरासाठी पोटाभोवती गुंडाळायचा पट्टा असतो. रात्रीपुरतं म्हणाल तर मला डायपरपेक्षा जलरोधक कव्हर घातलेली गादी आणि वर शोषून घेणारा पॅड जास्त पटतो, कारण कातडीला हवा लागते.

औषधांत खरी निवड दोघांमधली. फेनिलप्रोपॅनोलामाइन हे औषध मूत्रमार्गाचा स्नायू घट्ट करतं. बहुतेक वेळा ते दिवसातून दोन-तीनदा द्यावं लागतं, आणि फरक काही दिवसांतच कळतो. अडचण अशी की त्याने रक्तदाब वाढू शकतो, अस्वस्थपणा येतो, भूक मंदावते. हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा काचबिंदू असेल तर डॉक्टर ते टाळतात, आणि सेलेजिलिन (म्हाताऱ्या कुत्र्यांच्या विसराळूपणावर किंवा कुशिंगवर देतात ते औषध) चालू असलेल्या कुत्रीला ते चालत नाही. हेच औषध पूर्वी माणसांच्या सर्दीच्या गोळ्यांतही असायचं. मेंदूतल्या रक्तस्रावाच्या धोक्यामुळे अमेरिकेत 2000 साली ते बाजारातून काढायला सांगण्यात आलं. तेव्हा घरातल्या जुन्या सर्दीच्या गोळ्या कुत्र्याला देण्याचा विचारही करू नका. त्यातले इतर घटक आणखी घातक असू शकतात.

दुसरं औषध एस्ट्रिओल, म्हणजे कमी झालेल्या संप्रेरकाची भरपाई. सुरुवातीला रोज एकदा देतात, मग गळती थांबते तितपत डोस कमी करत नेतात. पुष्कळ कुत्र्यांचं दिवसाआड भागतं. योनीभाग सुजणं, स्तन फुगणं, नर मागे लागणं हे त्याचे दुष्परिणाम, आणि डोस उतरला की बहुधा तेही ओसरतात. हे फक्त नसबंदी झालेल्या मादीसाठी; घरात कुणी गरोदर असेल तर तिने गोळी हाताळू नये. रोज ठरल्या वेळी दोन-तीनदा गोळी देणं जमणार नसेल किंवा रक्तदाबाची शंका असेल, तर मी आधी एस्ट्रिओलबद्दल विचारेन. एकाने भागलं नाही तर डॉक्टर दोन्ही एकत्रही देतात.

शस्त्रक्रिया सहसा गोळ्या हरल्यावरच. मूत्रमार्गात कोलॅजेन टोचतात, पण त्याचा असर हळूहळू ओसरतो. मूत्रमार्गाभोवती सिलिकॉनचं कडं बसवण्याची पद्धतही आहे. कातडीखाली बसवलेल्या बटणासारख्या भागातून सुईने सलाइन घालून ते हवं तितकं आवळता येतं. मात्र हे काम करणारे तज्ज्ञ मोजकेच.

पिल्लाची गोष्ट वेगळी. मादी पिल्लू जन्मापासून सतत ओलं राहत असेल तर मूत्रवाहिनी (मूत्रपिंडातून लघवी मूत्राशयात आणणारी नळी) मूत्राशयाला सोडून भलतीकडे उघडत असल्याची शक्यता असते, आणि तिथे शस्त्रक्रिया किंवा लेसर हाच पहिला मार्ग. गोल्डन रिट्रीव्हर, लॅब्रॅडॉर, हस्की यांत हा दोष जास्त आढळतो. त्यानंतरही थोडी गळती राहू शकते, मग वरची औषधं कामी येतात.

कुठलाही मार्ग घ्या, पाणी तोडू नका. घट्ट लघवीने कातडीही जळते आणि मूत्राशयही. झोपण्याआधी एकदा बाहेर फिरवून आणा. आणि कुत्रा जोर लावतोय, थेंबच पडतायत, पोट टणक लागतंय असं दिसलं तर ती गळती समजून थांबू नका: मूत्रमार्ग अडलेला असू शकतो, त्याच दिवशी दवाखाना गाठा.