‘कोल्हापूरची चप्पल’ इंग्रजीत कशी लिहायची? ऑफ, फ्रॉम, इन आणि ‘स्टाईल’

कोल्हापूरची चप्पल, कातड्याची चप्पल, दादांची चप्पल. तिन्हीकडे ‘ची’ एकच. गाव, माल की माणूस, हे ऐकणारा आपलं आपण ओळखतो. इंग्रजी लेबल लिहायला बसलं की हा ‘ची’ साथ सोडतो. वस्तू कशाची आहे, कशापासून झाली, कुठे झाली, की नुसती कशासारखी दिसते, हे तिथे आधी ठरवावं लागतं. घरगुती माल बाहेर पाठवणाऱ्या ओळखीच्या लोकांची लेबलं मी अधूनमधून तपासून देते. सगळ्यात जास्त खाडाखोड याच जागी होते.

आधी सोपी जोडी. मूळ पदार्थ तयार वस्तूत दिसत असेल तर ‘मेड ऑफ’, त्याचं रूप पालटलं असेल तर ‘मेड फ्रॉम’, असं शाळेत शिकवतात. तांब्याचा हंडा ‘मेड ऑफ कॉपर’. गूळ ‘मेड फ्रॉम शुगरकेन ज्यूस’, कारण ढेपेत रस काही दाखवता येत नाही. नियम चांगला आहे, पण ज्यांची ती भाषा आहे ते तो इतक्या सोवळ्याने पाळत नाहीत. चामड्याच्या पट्ट्याला ‘मेड फ्रॉम लेदर’ म्हटलेलं कुणाला खटकत नाही. उलट पनीर ‘मेड ऑफ मिल्क’ म्हटलं की लगेच खटकतं. म्हणून अडलात तर ‘फ्रॉम’ घ्या.

‘मेड आउट ऑफ’ला आपल्याकडे झकास उदाहरण आहे: जुन्या लुगड्यांची गोधडी. एका वस्तूची दुसरी केली की हा शब्दप्रयोग नेमका बसतो.

‘मेड विथ’ मात्र जपून. अनेक जिन्नसांपैकी एक सांगायचा असेल तर तो योग्य आहे. पण ‘मेड विथ घी’ म्हणजे तूप आहे, एवढंच. किती आहे, सोबत डालडा आहे का, यावर तो शब्द गप्प. जाहिरातवाल्यांना तो प्रिय आहे तो याचमुळे. लाडू पूर्ण साजूक तुपातले असतील तर ‘मेड विथ’वर थांबून स्वतःचंच नुकसान करू नका, ‘ओन्ली’ घाला.

आता गाव आणि देश. इथे व्याकरण मागे पडतं आणि कायदा पुढे येतो. 1887 साली ब्रिटिश संसदेने मर्चंडाइज मार्क्स ॲक्ट केला आणि ब्रिटिश वाटेल असं नाव किंवा छाप असलेल्या बाहेरच्या मालावर त्याचा देश लिहायला लावला. रोख मुख्यतः जर्मन मालावर होता. तो स्वस्त नक्कल म्हणून बदनाम होता, तेव्हा गिऱ्हाइकाने छाप बघून सावध व्हावं, अशी अपेक्षा. पुढे तोच ‘मेड इन जर्मनी’ शिक्का लोक मुद्दाम शोधून घेऊ लागले!

‘मेड इन’ आणि ‘प्रॉडक्ट ऑफ’ आपल्याला एकच वाटतात. कॅनडात त्यांच्यात केवढं अंतर आहे पाहा. खाद्यपदार्थ सोडून इतर मालावर ‘प्रॉडक्ट ऑफ कॅनडा’ लिहायचं तर थेट खर्चाचा किमान 98 टक्के भाग कॅनडातला लागतो. ‘मेड इन कॅनडा’ला 51 टक्के पुरतात, पण आयात माल वापरला असल्यास तशी ओळ जोडावी लागते. अमेरिकेत ‘मेड इन यूएसए’ म्हणायचं तर वस्तू संपूर्ण किंवा जवळजवळ संपूर्ण तिथलीच हवी. उलट तिथे मांसावरचा ‘प्रॉडक्ट ऑफ यूएसए’ बरीच वर्षं इतका सैल होता की बाहेरून आणून तिथे नुसतं कापून बांधलेलं मांसही त्यात खपे. जनावर जन्मल्यापासून मांसावरच्या प्रक्रियेपर्यंत सगळं अमेरिकेतच झालं पाहिजे, हा नियम लागू व्हायला 1 जानेवारी 2026 उजाडला. ऑस्ट्रेलियात 1 जुलै 2018 पासून तिथे तयार झालेल्या बहुतेक खाद्यपदार्थांवर एक पट्टीच छापावी लागते. त्यातले किती टक्के जिन्नस ऑस्ट्रेलियातले, ते तिच्यावरून कळतं.

आपल्या कोकणातला प्रश्न घ्या. आफ्रिकेतून आलेली काजूबी इथे भाजली, फोडली, सोलली आणि पाकिटात भरली. ‘ग्रोन इन इंडिया’ सरळ खोटं. ‘प्रॉडक्ट ऑफ इंडिया’ वाचणाऱ्याला बी इथलीच वाटेल. ‘पॅक्ड इन इंडिया’ खरं आहे, पण भाजणाऱ्या-सोलणाऱ्या बायकांचे कष्ट त्यात गायब. माझं मत ‘प्रोसेस्ड इन इंडिया’ला, आणि बी कुठली तेही शेजारीच लिहा. अशी फोड करून सांगण्यात कमीपणा नाही. ‘डिझाइन्ड बाय ॲपल इन कॅलिफोर्निया, असेंबल्ड इन चायना’ हे आयफोनच्या पाठीवर वर्षानुवर्षं छापलेलं होतं.

गावाचं नाव वस्तूला चिकटलं की गुंता आणखी वाढतो. चेडर हे इंग्लंडमधलं गाव, पण चेडर चीज आज जगात कुठेही बनतं. स्टिल्टनचं उलट. हे नाव कायद्याने राखलेलं आहे आणि ते चीज डर्बिशायर, लेस्टरशायर आणि नॉटिंगहॅमशायर या तीनच परगण्यांत बनवता येतं. स्टिल्टन गाव मात्र केंब्रिजशायरमध्ये. त्यामुळे खुद्द स्टिल्टनमध्ये स्टिल्टन बनवायची बंदी!

कोल्हापुरी चप्पल याच दुसऱ्या जातीची. 2019 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर असे आठ जिल्हे येतात. म्हणून बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीत शिवलेली चप्पल ‘कोल्हापुरी’ आहे, पण ‘फ्रॉम कोल्हापूर’ नाही. आग्र्यात शिवलेली असेल तर फार तर ‘कोल्हापुरी-स्टाईल’. ‘स्टाईल’ म्हणजे नाव घेतलं, पण गाव नाकारलं. ‘इन्स्पायर्ड बाय’ त्याहून निसटता. 2025 मध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये अगदी कोल्हापुरीसारखी चप्पल नुसती चामडी सँडल म्हणून दाखवली. ओरड झाल्यावर पारंपरिक भारतीय पादत्राणांवरून प्रेरणा घेतल्याचं मान्य केलं.

राहिला लेबलामागचा माणूस. ‘वी हेल फ्रॉम सातारा’ लिहू नका. समुद्रात जहाजाला हाक मारून बंदर विचारायचे, तिथला तो शब्द आहे आणि लेबलावर भारदस्त वाटण्याऐवजी जुनाट वाटतो. ‘वी आर कमिंग फ्रॉम सातारा’ म्हणजे आत्ता गाडीत बसलोय. ‘नेटिव्ह प्लेस’ भारताबाहेर फारसं कुणाला कळत नाही. ‘वी आर फ्रॉम सातारा’ पुरे.

अथणीच्या चपलेसाठी मी देईन ती ओळ अशी: ‘कोल्हापुरी चप्पल, हँडमेड इन अथणी, इंडिया, फ्रॉम व्हेजिटेबल-टॅन्ड लेदर.’ चामडं खरोखर बाभळीच्या सालीने, हिरड्याने कमावलेलं असेल तरच शेवटचे शब्द ठेवा.