एकट्या गिटारवर ब्लूज: अंगठ्याच्या बासपासून सुरुवात करावी की शेल कॉर्डपासून?

गिटार एक, साथीला कुणी नाही, तरी बास, कॉर्ड आणि वरची सुरावट हे तिन्ही एकदम ऐकू आलं पाहिजे. ब्लूज गिटारवर कॉर्ड मेलडी म्हणतात ती हीच. शिकायच्या दोन मुख्य पद्धती आहेत. नव्याने सुरू करणारा बहुतेक वेळा दोन्हींचं थोडं थोडं उचलतो आणि कुठल्याच पद्धतीत बारा बार (चार-चार ठोक्यांचे बारा गट, म्हणजे ब्लूजचं एक आवर्तन) सलग वाजवू शकत नाही. म्हणून आधी एक निवडावी.

पहिली पद्धत टेक्सस आणि मिसिसिपीतल्या एकट्याने गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची. अंगठा खालच्या सुरांच्या जाड तारांवर ठोका धरतो आणि बोटं वरच्या सुरांच्या तीन बारीक तारांवर सुरावट वाजवतात. दुसरी जॅझकडून आलेली. त्यात मूळ सूर, तिसरा आणि सातवा असे कॉर्डचे तीनच सूर धरायचे आणि त्यांच्या वर सुरावट ठेवायची. या तीन सुरांच्या कॉर्डला शेल म्हणतात. जॅझ गिटारवादक जो पास, केनी बरेल, वेस माँटगोमेरी यांच्या ब्लूजमध्ये ऐकू येतात त्या भरगच्च कॉर्डचा सांगाडा हाच.

निवडताना एक गोष्ट नीट समजून घ्या. पहिल्या पद्धतीत सगळा भार उजव्या हातावर असतो, दुसऱ्या पद्धतीत डाव्या. पहिलीत डाव्या हाताला बास जवळजवळ धरावाच लागत नाही, कारण तो बहुतेक मोकळ्या तारांवर वाजतो. मात्र अंगठा आणि बोटं एकमेकांपासून सुटी व्हावी लागतात. दुसरीत उजवा हात सगळ्या तारा एकदम छेडतो, म्हणून त्याचं काम सोपं. डाव्या हाताला मात्र बास, कॉर्ड आणि सुरावट तिन्ही एकाच वेळी धरून ठेवावी लागतात. तुमचा कोणता हात आधीपासून तयार आहे, यावर अर्धा निर्णय होतो.

ई मधला अंगठा

टेक्ससचे लाइटनिन हॉपकिन्स आणि मॅन्स लिप्सकम यांचा अंगठा एकाच सुरावर सरळ चार ठोके देत राहतो. १९२८ मध्ये पहिल्यांदा ध्वनिमुद्रित झालेल्या मिसिसिपी जॉन हर्टचा अंगठा दोन तारांवर आलटून-पालटून पडतो. सुरुवात एका सुराच्या बासने करा. आलटून-पालटून बास नंतर घेतला तरी चालतो, उलट क्रमाने मात्र फार कमी जणांना जमतं.

ई मध्ये, म्हणजे ई हा सा धरला की, तीन कॉर्ड लागतात: ई७, ए७ आणि बी७. सहावी तार (सर्वांत जाड ती सहावी, सर्वांत बारीक ती पहिली) मोकळी वाजवली की ई७ चा बास मिळतो आणि पाचवी मोकळी वाजवली की ए७ चा. फक्त बी७ साठी पाचव्या तारेचा दुसरा फ्रेट दाबावा लागतो. ए मध्ये तर तिन्ही बास मोकळ्या तारांवर येतात: पाचवी, चौथी आणि सहावी. मग ए का नको? कारण ए मधल्या डी७ वर बास चौथ्या तारेवर जातो आणि सुरावटीखाली कॉर्ड भरायला जागा उरत नाही. ई मध्ये सुरुवातीला मोकळेपणा जास्त.

मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर लावा. अंगठ्याने सहावी तार दर ठोक्याला एकदा, पाच मिनिटं, दुसरं काहीही नाही. तळहाताची करंगळीखालची कड ब्रिजवरच्या सॅडलवर टेकवा, म्हणजे बास 'ढम्म' असा दबका येईल. हात जरासा पुढे सरकला की वरच्या ताराही दबतात आणि सुरावट मरते. सगळं दोन-तीन मिलिमीटरमध्ये ठरतं, म्हणून हाताची जागा आरशात बघून पक्की करा.

मग ठोक्यावरच पडणारे सूर घ्या: पहिली तार मोकळी, पहिली तार ३रा फ्रेट, दुसरी तार ३रा फ्रेट, दुसरी मोकळी. हे जमलं की तेच सूर दोन ठोक्यांच्या मध्ये टाका. इथेच गाडी अडते. बोट मधल्या जागी पडलं की अंगठा थबकतो किंवा बोटाबरोबर तोही मध्येच पडतो. याला उपाय एकच. 'एक आणि दोन आणि' असं मोठ्याने म्हणत वाजवायचं, अंगठा आकड्यावर, बोट 'आणि'वर. वेग ४५ पर्यंत खाली आणायलाही लाजू नका. हा टप्पा ओलांडायला रोज अर्धा तास धरला तर साधारण दोन महिने द्यावे लागतात. त्यानंतर प्रगती फार पटापट होते.

उजव्या हाताची किती बोटं वापरायची यावर नवशिके उगाच अडून बसतात. ब्लूज गिटारवादक रेव्हरंड गॅरी डेव्हिस फक्त अंगठा आणि तर्जनी वापरायचे. तीन बोटं सोयीची पडतात एवढंच.

या पद्धतीची खरी श्रीमंती तिसऱ्या सुरात आहे. ई७ धरून तिसरी तार मोकळी छेडा आणि लगेच पहिल्या फ्रेटवर बोट आपटा. कोमल गंधारातून शुद्ध गंधारात गेलात. ब्लूजचा गंधार या दोघांच्या मध्ये कुठेतरी राहतो. पहिल्या तारेचा ३रा फ्रेट दाबून तार किंचित, पाव स्वराइतकी खेचली की तो सापडतो. हिंदुस्तानी संगीत ऐकलेल्या कानाला हे आंदोलन वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आता तेच बोट तिथेच ठेवा आणि पाचव्या बारमध्ये बास पाचव्या तारेवर न्या. ई वर जो कोमल गंधार होता, तो ए वर कोमल निषाद झाला. ब्लूजमध्ये पहिली ओळ दुसऱ्यांदा जवळपास तशीच येते, फक्त खालचा सा बदलतो. म्हणून एकच सुरावट दोन्ही कॉर्डवर शोभते. ए७ साठी तर्जनी दुसऱ्या फ्रेटवर चौथीपासून पहिलीपर्यंत आडवी टाका आणि करंगळी पहिल्या तारेच्या ३ऱ्या फ्रेटवर ठेवा.

नवव्या बारमधला बी७ त्रास देतो. पाचवी २, चौथी १, तिसरी २, पहिली २ (तारेपुढचा आकडा फ्रेटचा) असा नेहमीचा बी७ धरला की चारही बोटं अडकतात, सुरावटीला एकही उरत नाही. करंगळी पहिल्या तारेवरून उचलून दुसऱ्या तारेच्या ३ऱ्या फ्रेटवर ठेवा, मग पहिली तार छेडायची नाही. वर डी आला, म्हणजे बी७ वरचा कोमल गंधार. एवढ्या एका हालचालीने बार बोलायला लागतो.

शेवटच्या दोन बारसाठी १९३० च्या दशकापासून मुरलेली उतरण आहे, आणि ती सुटीसुद्धा पाठ करावी. पाचवी तार ५ आणि तिसरी तार ४, मग ४-३, मग ३-२, मग २-१. दोन्ही बोटं एकेक फ्रेट खाली येतात, वर पहिली तार मोकळी वाजत राहते. शेवटी बी७. बहुतेकांचा वेग इथे वाढतो, कारण अंगठ्याचा सरळ ठोका थांबलेला असतो. तेवढा भाग पायाने ठेका धरून करा.

जी मधले शेल

दुसरी पद्धत मोकळ्या तारा टाळते, म्हणून कुठल्याही सुरात नेता येते. जी घेऊ. जी७ चा शेल: सहावी तार ३, चौथी ३, तिसरी ४. सी७ चा शेल: पाचवी ३, चौथी २, तिसरी ३. चौथ्या आणि तिसऱ्या तारेकडे नीट बघा. एफ खाली ई वर आला, बी खाली बी फ्लॅटवर. दोन्ही आतले सूर फक्त एकेक फ्रेट घसरले. कानाला कॉर्ड बदलल्याचं कळतं ते या दोन सुरांमुळे, बासमुळे नव्हे. म्हणून बास वाजवणारा सोबत असेल तर मूळ सूर सोडून दिला तरी काही बिघडत नाही. पहिल्या पद्धतीत ही सोय नाही. तिथला अंगठा आणि बँडचा बास एकमेकांच्या पायात येतात.

सुरावट वर ठेवण्यासाठी जी७ मध्ये तर्जनी ३ऱ्या फ्रेटवर आडवी टाका आणि मधलं बोट तिसऱ्या तारेच्या ४थ्या फ्रेटवर. अनामिका आणि करंगळी मोकळी राहिली. दुसऱ्या तारेवर ३, ५, ६ आणि पहिल्या तारेवर ३, ६ एवढे सूर आता कॉर्ड न सोडता मिळतात. पहिल्या तारेचा ६वा फ्रेट म्हणजे बी फ्लॅट, पुन्हा तोच कोमल गंधार. पण या धरणीत पाचव्या तारेवर सी दाबला जातो आणि तो वाजला तर कॉर्ड गढूळ होते. बोटांनी छेडत असाल तर ती तार वगळायची, प्रश्न मिटला. पिकने (तारा छेडायच्या पातीने) एकाच फटक्यात वाजवत असाल तर आडवी तर्जनी सोडा. सहावीवर मधलं बोट ठेवून त्याच्या टोकाने पाचवी दाबून गप्प करा, चौथीवर अनामिका आणि तिसरीवर करंगळी. मग सुरावटीला तर्जनीच काय ती उरते. कॉर्ड मेलडीला पिकपेक्षा बोटं बरी, ती यासाठीच.

पाचव्या बारमध्ये इथे वेगळी अडचण येते. जवळचा सी७ धरून पहिल्या तारेच्या ६व्या फ्रेटपर्यंत करंगळी पोचवायला दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंत हात ताणावा लागतो. बरेच जण हट्टाने ताणतात आणि मनगट दुखवून घेतात. त्यापेक्षा जी७ चाच आकार उचलून ८व्या फ्रेटवर न्या: सहावी ८, चौथी ८, तिसरी ९. हा सी७. तोच बी फ्लॅट आता दुसऱ्या तारेच्या ११व्या फ्रेटवर, करंगळीखाली. दुसरा मार्ग म्हणजे शेल पहिल्या ठोक्यावर वाजवून सोडून द्यायचा आणि मग मोकळ्या हाताने सुरावट घ्यायची. ऐकणाऱ्याच्या कानात कॉर्ड टिकून राहते.

या शैलीत सहाव्या बारमध्ये सी७ चा मूळ सूर एक फ्रेट वर जाऊन सी शार्प डिमिनिश्ड होतो (पाचवी ४, चौथी ५, तिसरी ३, दुसरी ५). आठव्यात ई७, मग ए मायनर ७ आणि डी७. एकट्याने वाजवताना ही वाढीव कॉर्ड सुंदर लागतात, पण ती सहा महिन्यांनी आणा. आधी तीन कॉर्डचा साधा ब्लूज शेलमध्ये बसवा.

या पद्धतीतली सर्वांत मोठी चूक म्हणजे प्रत्येक सुराखाली कॉर्ड ठेवणं. मग लय जड होते आणि ब्लूज हरवतो. चार बारच्या ओळीत गाणं साधारण दोन बार असतं, उरलेले दोन बार उत्तराचे. सवाल-जवाबच म्हणा ना. सवालाला सुटी सुरावट आणि फक्त कॉर्ड बदलताना शेल, जवाबाला भरगच्च कॉर्ड. शिवाय वरचा सूर ज्या बोटाने छेडता ते किंचित जोरात पडायला हवं, नाहीतर सुरावट कॉर्डखाली दबते. आणि चाल तिसऱ्या तारेच्या खाली उतरत असेल तर ती आख्खी एक सप्तक वर न्या.

गिटार, तारा आणि आपला पावसाळा

अंगठ्याच्या पद्धतीला स्टीलच्या तारांची अकूस्टिक गिटार हवी. तारा ०.०१२ च्या (पहिल्या तारेची जाडी, इंचात), खेचणं जड जात असेल तर ०.०११ च्या. नटची (मानेच्या टोकावरच्या, तारा टेकतात त्या पट्टीची) रुंदी ४३ मिमीपेक्षा ४४.५ मिमी असेल तर बोटांना जागा मिळते. शेलसाठी इलेक्ट्रिक किंवा आर्चटॉप (कमानदार वरच्या फळीची गिटार) सोयीची. आर्चटॉपवर तिसरी तार सहसा गुंडाळलेली असते. तिच्यावर कॉर्ड छान मिसळतात, पण ती खेचायला फार जड जाते, आणि गंधाराचं आंदोलन त्या तारेवर जवळजवळ संपतं. हार्मोनियमवर मींड नाही तसंच काहीसं. ब्लूजच्या ओढीने आला असाल तर हे नुकसान मोठं आहे. ०.०१० च्या सेटमध्ये तिसरी तार साधी असते, इलेक्ट्रिकवर त्याच घ्या.

तारांची उंची १२व्या फ्रेटवर सहावीखाली २.४ मिमी आणि पहिलीखाली १.८ मिमीच्या आसपास ठेवा. मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर लाकूड ओल पिऊन फुगतं, अकूस्टिकची वरची फळी वर येते आणि उंची वाढते. आडवी तर्जनी अचानक जमेनाशी झाली तर आधी स्वतःला दोष देऊ नका, पट्टी लावून उंची मोजा.

मग कुणी काय घ्यावं

गात असाल तर ई मधला अंगठा, दुसरा विचार नको. गळ्याला सूर जुळत नसेल तर कॅपो (सगळ्या तारा आडव्या दाबणारा चिमटा) लावा, ३ऱ्या फ्रेटवर कॅपो म्हणजे जी. नायलॉनच्या गिटारवर बोटांनी वाजवायची सवय असेल तरीही हीच पद्धत लवकर फळते.

बँडमध्ये इलेक्ट्रिक वाजवता, आडवी कॉर्ड पक्की आहेत, फ्रेटबोर्डवरचे सूर नावानिशी ठाऊक आहेत, अशांनी शेल घ्यावेत. सुरांची नावं येत नसतील तर आधी सहाव्या आणि पाचव्या तारेवरची बाराव्या फ्रेटपर्यंतची नावं पाठ करा, त्याशिवाय शेल म्हणजे नुसते आकार राहतात. डावं मनगट दुखरं असेल तर शेलच्या वाटेला तूर्त जाऊ नका.

दोन्ही बाजू सारख्याच वाटत असतील तर आधी अंगठा घ्यावा, असं आमचं ठाम मत आहे. लय हातात आली की शेल नंतर शिकता येतात, पण शेल शिकून बसलेल्या हाताला अंगठा सुटा करणं फार जड जातं.

आणि अंगठा पक्का झाला की दुसऱ्या पद्धतीत शिरायला दोन बोटं पुरतात. सहावी तार मोकळी वाजवत चौथी ६ आणि तिसरी ७ दाबा: ई७. दोन्ही बोटं एक फ्रेट खाली, अंगठा पाचव्या मोकळ्या तारेवर: ए७. मूळ जागेवरून एक फ्रेट वर, म्हणजे चौथी ७ आणि तिसरी ८, आणि बाससाठी सहाव्या तारेचा ७वा फ्रेट: बी७. हा शेवटचा आकार म्हणजे जी७ चा शेलच, चार फ्रेट वर सरकवलेला. पहिल्या दोन कॉर्डवर अनामिका आणि करंगळी मोकळीच आहेत. दुसऱ्या तारेचा ८वा फ्रेट दाबून बघा, ई७ वर तो पुन्हा कोमल गंधार आहे.