लोणावळा की महाबळेश्वर?

आई-बाबांना दोन दिवस कुठे नेऊ, असं धाकट्या बहिणीनं विचारलं.

खर्चात लोणावळा स्वस्त. पुण्याहून ६५ किलोमीटर, लोकल थेट जाते. मळवलीला उतरलं की भाजे लेणी, लोहगड जवळ. कार्ल्याच्या लेण्यांतल्या चैत्यगृहात, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृहात, तर दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी अजून छताला आहेत. तिथे मी दरवेळी गप्प होते. पण पायऱ्या गुडघ्यांची परीक्षा घेतात.

महाबळेश्वर १२० किलोमीटर, पसरणीचा घाट चढून. बऱ्याच पॉइंटांजवळ गाडी जाते. क्षेत्र महाबळेश्वरला कृष्णेचा उगम आहे. जुलैत मात्र धुक्यात दरी दिसतच नाही.

पावसात, मित्रांसोबत, एका दिवसासाठी लोणावळा. आई-बाबांना हिवाळ्यात महाबळेश्वरलाच ने. स्ट्रॉबेरीही मिळेल.