कोल्हापुरात जुन्या समाध्यांचे फोटो काढायचेत: पंचगंगा घाट, कसबा बीड, ख्रिस्ती दफनभूमी की पन्हाळा?

वेली चढलेले क्रॉस, कलंडलेल्या शिळा, धुक्यात उभा संगमरवरी देवदूत असं चित्र डोक्यात ठेवून कोल्हापुरात उतरलात तर हिरमोड होणार. इथं बहुतेक घरांत दहन होतं, राख आणि अस्थी पंचगंगेत जातात, मागं दगड उरत नाही. दगड उरतो तो राजाचा, लढताना पडलेल्या माणसाचा, सती गेलेल्या बाईचा, नाहीतर परमुलखातून येऊन इथंच मातीआड झालेल्यांचा. त्यामुळं एका कुंपणात शंभर जुन्या कबरी मिळत नाहीत. चार ठिकाणं मिळतात, ती चारही वेगळी, आणि एका दिवसात चारही करू नयेत.

निवाडा आधीच सांगतो. बाहेरगावाहून आलाय आणि हातात एकच सकाळ आहे, तर पंचगंगा घाट. फोटोसाठीच निघालाय, धीर आहे, ट्रायपॉड आहे, तर कसबा बीड. दोन्हींत निवडायला सांगितलं तर मी डोळे झाकून बीड म्हणेन. लोक या विषयात जागा शोधतात, उजेड शोधत नाहीत, आणि उजेडाला खरी दाद देणारा दगड बीडला आहे.

घाटाचा मोठा फायदा म्हणजे तो शहरातच आहे. महाद्वार रोडवरून रिक्षा केली की चहा गार व्हायच्या आत तुम्ही पाण्याकाठी. छत्रपती घराण्यातल्या समाध्या, काळ्या दगडाची लहान लहान देवळं, पायऱ्या, दीपमाळ, सगळं एकाच नजरेत बसतं. शेजारी ब्रह्मपुरीची टेकडी. तिथं १९४५-४६ साली उत्खनन झालं आणि सातवाहनकाळचं गाव वर आलं. तिथली पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची, छोटी कांस्यमूर्ती टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. म्हणजे तुम्ही ज्या पायऱ्यांवर ट्रायपॉड लावता त्याच्या जवळच दोन हजार वर्षांची वस्ती आहे. फोटोत हे दिसत नाही, पण काढणाऱ्याला माहीत असलेलं बरं.

हिवाळ्यात पहाटे पाण्यावर वाफ असते आणि समाध्यांचे कळस त्यातून वर येतात. ती वेळ थोडी. ऊन चढलं की पोहणारे, कपडे धुणारे, जनावरं धुणारे येतात आणि फोटो घाटाचा होतो, समाधीचा राहत नाही. संध्याकाळी उजेड पाण्यावरून समोर येतो, देवळं काळ्या आकृतींसारखी दिसतात. सुंदर दिसतात, पण तो फोटो कोल्हापुरातल्या निम्म्या मोबाईलमध्ये आधीच आहे. त्रिपुरी पौर्णिमेच्या पहाटे घाटावर हजारो पणत्या लागतात. ते बघायला जरूर जा, मात्र त्या दिवशी समाधीसमोर पाय ठेवायला जागा नसते आणि तुमच्या फोटोत दुसऱ्याचा कॅमेरा येतोच.

घाटाची अडचण गर्दीपेक्षा वेगळी आहे. शहराची स्मशानभूमी इथंच आहे आणि दहावं-पिंडदानासाठी रोज माणसं येतात. भाताचे पिंड मांडलेत, मुंडण केलेला मुलगा कावळ्याची वाट बघत उकिडवा बसलाय आणि तुमची लेन्स त्याच्याकडं, हे चालणार नाही. कुणी काही बोलणार नाही, कोल्हापूरकर पाहुण्याला सहसा बोलत नाहीत. पण तुम्हीच मान फिरवा. विधी चाललेले असतील तर पाण्याकडं पाठ करून समाध्यांच्या मागच्या बाजूला जा. तिथं गर्दी कमी आणि कोरीव पट्टे जवळून दिसतात.

पावसाळ्यात घाट मिळतच नाही. राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ फुटांवर धोका. २०१९ आणि २०२१ च्या पुरात ते ५० फुटांच्याही वर गेलं होतं. समाध्या पाण्याखाली जातात, कधी फक्त शेंडे दिसतात. पूर ओसरल्यावरचे आठ-दहा दिवस मात्र सोडू नका. दगडावर गाळाची आडवी रेघ उठलेली असते, कोरलेल्या फुलांच्या पाकळ्यांत चिखल वाळून भेगाळलेला असतो, वर झाडाच्या फांदीला प्लॅस्टिकची पिशवी अडकलेली. माझ्या मते घाटाचा सगळ्यात खरा फोटो तोच. पायऱ्या मात्र भयंकर निसरड्या असतात, चप्पल घालून जाऊ नका.

जाता जाता एक. कोल्हापूरच्या छत्रपतींचं सर्वांत जास्त फोटो निघालेलं स्मारक बहुधा कोल्हापुरात नसून इटलीत आहे. राजाराम महाराज युरोपच्या दौऱ्यावरून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये वारले, तेव्हा ते जेमतेम विशीत होते. आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांचं दहन झालं आणि तिथं छत्री उभी राहिली. ती छत्री चार्ल्स मँट यांनी आखली, कोल्हापूरचा नवा राजवाडा आखणारे तेच. नदीकाठ तिथंही सुटला नाही.

आता बीड. हे मराठवाड्यातलं बीड नव्हे. करवीर तालुक्यातलं कसबा बीड, शहराच्या पश्चिमेला, गाडीनं तासाभराच्या आत. शिलाहारांच्या काळातलं हे मोठं ठाणं. शेतात सोन्याची जुनी नाणी सापडतात म्हणून त्याचं नाव अधूनमधून पेपरात येतं. आपल्याला त्या सोन्याशी देणंघेणं नाही. आपल्याला हवेत ते वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या कोरीव स्मृतिशिळा, आणि त्या इथं भरपूर आहेत.

वीरगळाखाली कुणी पुरलेलं असेलच असं नाही, पण दफनभूमीत जे वातावरण शोधायला लोक जातात ते इथं जास्त आहे. एक वीरगळ नीट बघा, खालून वर. सगळ्यात खालच्या चौकटीत लढाई असते किंवा पडलेला वीर, कधी त्याच्यामागं गाई, म्हणजे गावची जनावरं सोडवताना तो मेला. त्यावरच्या चौकटीत अप्सरा त्याला दंडाला धरून वर नेतायत. त्याच्याही वर तो हात जोडून पिंडीसमोर बसलाय. माथ्यावर चंद्र-सूर्य. सतीशिळेवर तर बहुतेकदा फक्त हात असतो: कोपरात दुमडलेला, तळवा उघडा, मनगटात चुडा. आठ-नऊशे वर्षांच्या पावसानं वीराचं नाक-तोंड पुसून टाकलंय, पण चुड्याच्या कडा अजून बोटाला लागतात. क्लोज-अप म्हणतात तो इथं काढायचा.

आणि इथंच सोनेरी वेळेचा घोकलेला नियम मोडतो. वीरगळाचं कोरीव काम उथळ असतं. पूर्वेकडं तोंड असलेल्या दगडावर सकाळी सातचं ऊन समोरून आदळतं आणि अप्सरा सपाट होऊन जातात. तोच दगड साडेअकरा-बाराला बघा, ऊन वरून घसरत खाली येतं, प्रत्येक चौकटीखाली सावली पडते, आकृत्या उठून बाहेर येतात. दक्षिणेकडं तोंड असलेला दगड उलट सकाळ-संध्याकाळ चांगला, कारण तेव्हा ऊन बाजूनं येतं. बरेच वीरगळ मूळ जागेवरून उचलून देवळाच्या आसपास ओळीनं लावलेले असतात, त्यामुळं आधी मोबाईलच्या होकायंत्रात दिशा बघायची, मग दगड निवडायचा. घाटावर असं काही करावं लागत नाही, आणि म्हणूनच घाटावरचे सगळ्यांचे फोटो सारखे येतात.

ढगाळ दिवस असेल तर संध्याकाळपर्यंत थांबा. कॅमेरा ट्रायपॉडवर, आयएसओ १००, एफ/८, शटर आठ-दहा सेकंद, आणि साधी टॉर्च दगडाला जवळजवळ चिकटून एका बाजूनं फिरवा. समोरून मारलेला फ्लॅश इथं निव्वळ वाया. दुसरी गोष्ट एक्स्पोजरची. काळा बेसाल्ट दिसला की कॅमेरा त्याला राखाडी करायला बघतो, तेव्हा पाऊण-एक स्टॉप खाली ठेवा. घाटावरही हेच लागू.

गावात शिरल्यावर सरळ कॅमेरा काढू नका. पारावर बसलेल्या कुणाला तरी विचारा, “मामा, वीरगळ कुठं हायत ओ?” उत्तराच्या आधी “कुटनं आलाय?” येणार, मग “कशाला?” येणार. नाण्यांच्या गोष्टीमुळं अनोळखी माणूस शेताच्या बांधावर वाकून दगड बघतोय म्हटलं की गावाला शंका येते, आणि ती रास्त आहे. फोटो काढतोय म्हणून सांगितलं की पोरंटोरंच ओढून नेतात, देवळामागचा, कुणी न बघितलेला दगडही दाखवतात. काही वीरगळ पूजेतले असतात, शेंदूर नाहीतर ऑईलपेंट फासलेला. तो तुम्हाला कुरूप वाटेल, खरवडू नका. अक्षरं किंवा आकृत्या स्पष्ट दिसाव्यात म्हणून खडू, पीठ, तेल चोळायची खोड काहींना असते, तीही नको. बाजूचा उजेड ते काम जास्त चांगलं करतो.

बीडची वजावट म्हणजे तिथं दुसरं फारसं काही नाही. सोबत फोटोत रस नसलेलं कुटुंब असेल तर अर्ध्या तासात “चला की” सुरू होईल. त्यांना रंकाळ्यावर सोडून या.

ख्रिस्ती दफनभूमी या तुलनेत कुठं बसते? ज्याला क्रॉस आणि कबरीच हव्यात त्याला कोल्हापुरात हाच पर्याय. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ साली इथं आले, तेव्हापासूनची ही परंपरा. पण माझ्या दृष्टीनं इथलं मोल पोलिश कबरींचं आहे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियातून सुटून आलेले सुमारे ५,००० पोलिश निर्वासित १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या छावणीत राहिले, त्यात बायका-मुलंच जास्त. जे इथं वारले त्यांना इथल्याच मातीत पुरलं. छावणी उठल्यावर त्याच जागी फाळणीत सिंधमधून आलेली कुटुंबं वसली, तेच आजचं गांधीनगर. आपण स्वस्तात कापड घ्यायला जातो ते. फोटो-कथा करायची असेल तर कबरी, महावीर उद्यानातलं पोलिश स्मारक आणि गांधीनगरची गल्ली असे तीन फोटो शेजारी ठेवा. घाट आणि बीड मिळूनही एवढी गोष्ट देणार नाहीत.

मात्र नुसतं ‘वातावरण’ हवं असेल तर इथं येऊ नका. ही वापरातली जागा आहे, जुन्या कबरीशेजारी गेल्या वर्षीची कबर असते. आधी चर्चच्या मंडळींना भेटा, रविवारची उपासना संपल्यावर भेटणं सोपं. काय काढणार आणि कुठं वापरणार ते सांगा. नव्या कबरींवरची नावं फ्रेमबाहेर ठेवा. मुस्लिम कब्रस्तान आणि लिंगायत रुद्रभूमी (त्यांची दफनाची जागा) यांनाही हेच लागू. तिथं कुणी ओळखीचं घेऊन जात असेल तरच जा, एरवी यादीतून वगळा.

पन्हाळा फक्त पावसाळ्यासाठी. घाट बुडालेला आणि बीडला चिखल असतो तेव्हा शहरापासून वीसेक किलोमीटरवर हा गड धुक्यात असतो, आणि धुकं मागचे हॉटेलांचे फलक आपोआप पुसून टाकतं. हुकूमतपनाह रामचंद्रपंत अमात्यांची समाधी गडावर आहे, शिवा काशीद यांची खाली नेबापूरच्या बाजूला. दोन्हींकडं लोक तीन दरवाजाच्या मानानं कमीच वळतात. शनिवार-रविवार टाळा, कणसाच्या गाड्या आणि वाहनांची रांग यातच सकाळ जाते. गड पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे आणि २०२५ पासून जागतिक वारशाच्या यादीतही, तेव्हा ट्रायपॉडला आधी परवानगी लागते. धुक्यात कमी उजेड आणि ट्रायपॉड नाही, म्हणजे आयएसओ वाढवून हातानंच काढायचं. दाणेदार फोटो चालत नसतील तर पन्हाळा तुमच्यासाठी नाही. नर्सरी बागेतली शाहू महाराजांची समाधी मी या तुलनेत धरलेली नाही. तिथं नमस्काराला जावं, पण बांधकाम नवं आहे.

बाजीप्रभू आणि फुलाजी यांच्या समाध्यांसाठी विशाळगड सुचवणारे भेटतील. १३ जुलै १६६० ची घोडखिंडीतली लढाई ज्याच्या मनात आहे त्याला ती जागा हलवून सोडते, यात शंका नाही. पण अंतर पाऊणशे किलोमीटरच्या पुढं, आणि गडावर जाण्याचे नियम मध्ये मध्ये बदलतात. निघायच्या आदल्या दिवशी चौकशी करा, त्याला वेगळा दिवस द्या आणि पावसाळ्यात अंधार पडायच्या आत तो रस्ता उतरून या.